अंगठाभर कमी

रविवारी गाडीचं छप्पर बसवायचं ठरलं आणि घरातल्या तिन्ही बायका सकाळपासूनच नटून बसल्या. गाडीत जागा दोघांचीच. एक चालवणाऱ्याची, म्हणजे धाकट्याची. राहिली एक. त्या एका जागेसाठी मोठ्या वहिनींनी केस धुऊन मोकळे सोडले होते, धाकट्याच्या बायकोने, धाकटीने, नवे बूट घातले होते, आणि ताईने डोक्याला बांधायला निळा रुमाल व वाऱ्यापासून डोळे सांभाळायला काळा चष्मा विकत आणला होता. धाकट्याने ती जागा तिघींनाही कबूल केली होती. वहिनींना अंगण अडवल्याबद्दल, बायकोला तोंड बंद ठेवल्याबद्दल आणि ताईला निरोपांची ने-आण केल्याबद्दल. अंगण खरोखरच अडलं होतं. बायकोचं तोंड काही बंद राहिलं नव्हतं.

ताईचा हक्क सगळ्यात जुना. गाडी आणली त्या दिवशीच धाकटा म्हणाला होता, "ताई, पहिली फेरी तुझी. पाण्याच्या टाकीच्या चौकापर्यंत आणि परत." तेव्हा गाडी म्हणजे नुसता गंजाचा डबा होता. एका बंद पडलेल्या लॉजच्या मागे ती कोंबड्यांच्या ताब्यात होती, आणि समोरचा कप्पा उघडला तर आत अंडं निघालं. हिचं छप्पर हवं तेव्हा काढता येतं, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, कारण छप्पर मुळात नव्हतंच. वाकलेल्या कमानी तेवढ्या उरल्या होत्या. पण धाकट्याला त्या डब्यात आपलं तारुण्य दिसलं. ते असं त्याच्या वाट्याला कधी फारसं आलंच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याचं आपलं म्हणून घ्यायला त्याला जड गेलं नाही.

धाकटा नकाशे काढणारा. पुलांचे, गटारांचे, रस्त्यांचे नकाशे कचेरीत बसून काढायचे, हा त्याचा पेशा. गाडीही तो आधी कागदावर दुरुस्त करायचा. कागदावर ती केव्हाच धावायला लागली होती. अंगणात मात्र तिचा तळ इतका कुजला होता की पाय ठेवायच्या जागी फरशी दिसायची. तो पत्रा त्याने बदलला. गंज घासला, खड्ड्यांत लांबी भरली, वाळल्यावर पुन्हा घासली. कार्बोरेटर उघडून साफ केला आणि परत जोडला, तेव्हा काही बारीक भाग हातात उरले. ते त्याने एका बरणीत घालून ठेवले आणि म्हणाला, कंपनीने जास्तीचे दिले असावेत. रंग मोरपंखी आणला होता, तो वाळून शेवाळी झाला. पण एके दिवशी इंजिनाने दोनदा शिंक दिली, तिसऱ्यांदा खाकरलं आणि सुरू झालं. धाकटा चक्क रडला. ताईही रडली, धुराने असेल, पण रडली.

राहिलं छप्पर. आणि छप्पर म्हटलं की दादा.

दादा थोरला. आजोबांनी छत्र्या शिवल्या, वडिलांनी शिवल्या, आता दादा शिवत होता, आणि पंचक्रोशीत छत्रीचं कापड त्याच्यासारखं कापणारा दुसरा नव्हता. पण वडील गेले त्या वर्षी दादाने दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली आणि तीवरचे 'आणि बंधू' हे शब्द गाळले. विचारल्यावर म्हणाला, पाटीवर जागा पुरली नाही. हातभर रुंद उघडी छत्री काढायला मात्र जागा पुरली होती. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. घर एक, अंगण एक, नळ एक. तोंडं दोन दिशांना. काही सांगायचंच झालं तर मध्ये ताई.

ताईची हयात टेलिफोन कचेरीत गेली. लोकांच्या तारा जोडून द्यायच्या आणि गप्प बसायचं, ही नोकरी. तिथे मध्ये बोलायची परवानगी नव्हती. ती सगळी कसर तिने घरी भरून काढली. 'त्या गाढवाला सांग' असं दादाच्या खोलीतून निघालेलं वाक्य धाकट्याच्या खोलीत पोचेपर्यंत 'दादा म्हणतो, जरा विचार कर' असं व्हायचं. येताना 'म्हाताऱ्याला अक्कल नाही' हे 'तो म्हणतो, तुझ्या अनुभवापुढे मी काय बोलणार' असं होऊन यायचं. चूल एक राहिली ती आपल्यामुळे, याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. दोघं सरळ बोलायला लागले तर या घरात आपलं काम काय, हा प्रश्न तिला पडत नसे असं नाही. तो पडला की ती उठून कुणाचा तरी निरोप आणायला जाई.

छपराच्या वेळी धाकट्याने तिच्या हाती नकाशा दिला आणि म्हणाला, "त्याला सांग, छत्रीचं कापड तो अंगठाभर कमी कापतो तसं इथे कापायचं नाही. छत्रीला काड्या असतात, त्या कापड ताणून घेतात. गाडीला काड्या नाहीत. मापाला माप काप म्हणावं. आणि हेही सांग, जन्मभर लोकांच्या गळ्यात तोकड्या छत्र्या मारल्यास, एक तरी वस्तू पुरी शिव."

आता हे असं कुणी थोरल्या भावाला सांगतं का? ताईने नेहमीप्रमाणे वाटेत निवडायला घेतलं. तोकड्या छत्र्या काढून टाकल्या. 'पुरी शिव' काढलं. 'कमी कापायचं नाही' यातही दादाच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होत होतं, म्हणून तेही काढलं. नकाशा तर दादा पाहणारच नव्हता. कागद बघून छत्र्या शिवत नाहीत, हे त्याचं ब्रह्मवाक्य. शेवटी तिच्याकडे जे उरलं ते तिने दादाला दिलं: "तो म्हणतो, तुझा हात आहे. तू नेहमी कापतोस तसंच काप."

दादाने कात्रीला धार लावली.

*

दादा अंगणात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर छपराची गुंडाळी होती आणि मनगटावर छत्री. आभाळ निरभ्र असलं तरी तो छत्रीशिवाय बाहेर पडत नसे. धंद्याची इज्जत, म्हणे. त्याने गुंडाळी गाडीवर उलगडली. कापड काळंभोर, जाड, शिवण इतकी एकसारखी की धाकटीसुद्धा म्हणाली, "वा!" आणि मग मोठ्या वहिनींनी वळून पाहिलं तशी गप्प बसली.

"ताई, त्याला सांग, मागची बाजू आधी आवळ," दादा म्हणाला.

धाकटा हातभर अंतरावर उभा होता. "मागची बाजू आधी आवळायची," ताई म्हणाली.

"त्याला सांग, मला कळतं."

"बरं म्हणतो," ताई म्हणाली.

मागची बाजू आवळून झाली. कापड कमानींवरून पुढे आलं. समोरच्या काचेवर दोन कड्या होत्या. छपराची पुढची पट्टी तिथे नेऊन अडकवली की झालं. दोघं भाऊ दोन बाजूंना उभे राहिले आणि पट्टी पुढे ओढायला लागले. पट्टी कडीच्या जवळ आली आणि थांबली. धाकट्याने पाय रोवून ओढली. दादाने दात आवळून ओढली. पट्टी आणि काच यांच्यामध्ये एक फट उरली. दादाने सवयीने तिच्यात अंगठा घातला. अंगठा नेमका बसला.

ताईने दुसरीकडे पाहिलं.

"कापड नवं आहे," दादा घसा खाकरून म्हणाला. "त्याला सांग, भिजलं की सैल पडतं. पाणी मार म्हणावं."

"पाणी मारायचं म्हणतो," ताई घाईने म्हणाली. पाण्याने प्रश्न सुटत असेल तर तिला हवाच होता.

धाकटा आत जाऊन बसला. आतून ओढून धरतो, बाहेरून पाणी मारा, असं त्याने सांगितलं. नळाची रबरी नळी धाकटीने आपण होऊन हातात घेतली. नवऱ्यावर पाणी ओतायची संधी लग्नानंतर पहिल्यांदाच चालून आली होती, आणि तिने कंजुषी केली नाही. कापड भिजलं. चकाकलं. आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू आकसायला लागलं. छत्रीच्या पातळ कापडाचे नियम या कापडाला कुणी सांगितले नव्हते. फट अंगठ्याची दोन अंगठ्यांची झाली, आणि तिच्यातून पाण्याची धार थेट धाकट्याच्या मांडीत पडायला लागली.

"बंद कर! अगं बंद कर!" आतून आवाज आला.

"पडतंय का सैल?" धाकटीने गोड आवाजात विचारलं.

धाकटा दार ढकलून बाहेर आला. नखशिखांत भिजलेला. तो तरातरा दादासमोर जाऊन उभा राहिला, आणि इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तो सरळ दादाशी बोलला.

"मापाला माप काप म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"कुणी?" दादा म्हणाला. तोही सरळच.

"मी! अंगठाभर कमी कापू नकोस, असं स्पष्ट सांगितलं होतं. नकाशा काढून दिला होता!"

"तू म्हणालास, नेहमी कापतोस तसंच काप. तुझा हात आहे, म्हणालास. मला वाटलं, या माणसाला एवढ्या वर्षांनी अक्कल आली."

"मी? तुझा हात आहे, असं मी म्हणालो?" धाकटा चवताळला. "मी म्हणालो, जन्मभर तोकड्या छत्र्या विकल्यास!"

"काय म्हणालास?"

आणि मग दोघांच्याही माना एकदम वळल्या. ताईने निळा रुमाल हातात घट्ट धरला होता.

"ताई," दादा फार शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की घरात माणसं दारं लावून घेत. "हा काय म्हणाला होता?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी म्हणाला होता," ताई म्हणाली.

"मधलं?"

"अरे, जसंच्या तसं सांगितलं असतं तर तू कात्री फेकून मारली असतीस!"

"मारली असती," दादाने मान्य केलं. "पण छप्पर बरोबर झालं असतं."

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण धाकटा नकाशेवाला. एका ठिकाणी माप चुकलं की तो सगळी मापं पुन्हा तपासतो. त्याने केसांतलं पाणी निपटलं आणि विचारलं, "मला बढती मिळाली तेव्हा, लई आनंद झाला, वडील असते तर पाठ थोपटली असती, असं तू म्हणाला होतास का?"

"मी म्हणालो, आता तरी तुझ्या बाजूच्या भिंतीला रंग दे."

"हं," धाकटा म्हणाला.

"माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू सफरचंदं पाठवली होतीस?"

"नाही बुवा. मला वाटलं, तुला साधं खरचटलंय. ताईने तसंच सांगितलं, मी काळजी करीन म्हणून असेल."

"सफरचंदं बेचव होती," दादा ताईकडे बघत म्हणाला.

"बाजारात तीच होती," ताई म्हणाली, आणि आपण काय कबूल केलं ते तिला उशिरा कळलं.

दोघा भावांना आता चांगलाच सूर सापडला. हे तू म्हणालास का, ते मी म्हणालो का; वाढदिवसाच्या शुभेच्छा, आजारपणातल्या चौकशा, एकेक पदर सुटत गेला. प्रत्येक गोड वाक्य ताईचं निघालं आणि प्रत्येक कडू वाक्य मूळ मालकाकडे परत गेलं. गंमत म्हणजे कडू वाक्यं ऐकून दोघांचेही चेहरे खुलत होते. इतकी वर्षं समोरचा गुळमुळीत बोलतो म्हणून दोघंही मनातून बिचकून होते. समोरचा आपल्याइतकाच नालायक आहे हे कळल्यावर दोघांना हायसं वाटलं. ताईला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. जिच्यामुळे घर टिकलं तीच घरातली एकमेव चोर ठरली होती.

"आणि पाटीच्या वेळी?" धाकट्याने शेवटी विचारलं. आवाज खाली आला होता. "मी सामान बांधलं होतं. तेव्हा तू म्हणालास ना, चुकलं माझं, राहा म्हणावं त्याला?"

दादाने छत्रीच्या मुठीवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हतीच. ताईला दोन्हीकडची वाक्यं पाठ होती. दादा त्या दिवशी म्हणाला होता, 'गेला तर किल्ली ठेवून जा म्हणावं.'

"दादा," ताई म्हणाली, "छपराचं आधी बघा ना."

"छपराचं काय बघायचं?" दादा एकदम उसळून म्हणाला. "काढून टाक ते. उघडीच चांगली दिसते. चल, मला फिरवून आण. या घरात खरं बोलणारी माणसं आपण दोघंच."

"चल," धाकटा म्हणाला.

"आणि माझी फेरी?" ताईने विचारलं. आवाज तिच्या इच्छेपेक्षा लहान निघाला.

"तू बस घरी," दादा म्हणाला. "निरोप आले तर घेऊन ठेव."

छप्पर मागे लोटलं गेलं. दादा ताईच्या जागेवर बसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मांडीवर काही नसावं म्हणून त्याने छत्री समोरच्या एका खुंटीला अडकवली, आणि शेवाळी गाडी धूर सोडत फाटकाबाहेर पडली. टाकीच्या चौकाकडे नाही, उलट दिशेला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी धूर लांब होता.

*

अंगणात तिघी उरल्या.

"वन्सं," मोठ्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मला नेहमी सांगता, की धाकटी माझ्या हाताच्या चवीचं कौतुक करते."

ताईने रुमालाची घडी घातली.

"आणि मला सांगता," धाकटी म्हणाली, "की जाऊबाई म्हणतात, घरात शिकलेली मुलगी आली म्हणून शोभा आली."

दोघी जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. इतके दिवस नवऱ्यांच्या भांडणाला दोघी मिळून हसत आल्या होत्या. आता त्या एकमेकींकडे नव्या दृष्टीने पाहत होत्या. धाकटीच्या हातात अजून नळी होती. ताईला वाटलं, एका फटीतून सगळं घर वाहून जाणार.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताई," धाकट्याचा आवाज. "गाडी बंद पडली. वळणावर. त्याला सांग, चोकची खुंटी छत्र्या टांगायला नसते. खुंटी ओढली गेली, इंजिन पेट्रोलने तुडुंब भरलंय."

"तो कुठे आहे?"

"इथेच. बॉनेटच्या पलीकडे."

ताईने फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. दादा.

"ताई, त्याला सांग, छत्रीच्या वजनाने बंद पडते ती गाडी नव्हे. खेळणं आहे म्हणावं. आणि दुरुस्त करणारा—"

"दादा, तो तुझ्यासमोर आहे ना?"

"आहे. म्हणून तर तुला फोन केला."

ताईने फोन ठेवला. मग तिने आरशात न बघता निळा रुमाल डोक्याला बांधला, काळा चष्मा लावला आणि चालायला लागली. "वन्सं, कुठे?" असं दोघी जावांनी एका सुरात विचारलं. तिने उत्तर दिलं नाही.

वळणावर देखावा बघण्यासारखा होता. गाडी मध्ये, एका बाजूला धाकटा, कपडे अर्धे वाळलेले, दुसऱ्या बाजूला दादा, डोक्यावर उघडी छत्री. ऊन फारसं नव्हतंच. जाणारी-येणारी माणसं थांबून चौकशी करत होती आणि दोघं त्यांना दोन वेगवेगळी कारणं सांगत होते.

"ढकलत न्यावी लागेल," धाकटा म्हणाला. "स्टिअरिंगवर कुणीतरी हवं. त्याला येत नाही. मी बसलो तर तो एकटा काय ढकलणार, गुडघा धरून बसेल. त्याला सांग—"

"सरक," ताई म्हणाली.

ती चालवणाऱ्याच्या जागेवर बसली. खुर्ची ओली होती. चाक दोन्ही हातांनी धरलं. समोर लांब रस्ता, डोक्यावर नुसतं आभाळ. असं बसल्यावर धाकट्याला या डब्यात काय दिसलं होतं, ते तिला पहिल्यांदा थोडं कळलं.

"हं," ती म्हणाली. "ढकला."

गाडी घराच्या दिशेला वळवून झाली, चार पावलं गेली आणि जड झाली.

"ताई, त्याला सांग," मागून दादा धापा टाकत म्हणाला, "जरा जोर लाव म्हणावं. नुसता हात ठेवून चाललाय, देवाला नमस्कार केल्यासारखा."

ओठांवर नेहमीचं आलं होतं: दादा म्हणतो, तू दमला असशील. ताईने ते गिळलं. मान न वळवता, टेलिफोनवर बोलायच्या आपल्या स्वच्छ आवाजात तिने सांगितलं, "जोर लाव म्हणतो. नुसता हात ठेवून चाललायस, देवाला नमस्कार केल्यासारखा."

मग गाडीने अशी उसळी घेतली की ताईची पाठ खुर्चीला टेकली.

"त्याला सांग, पोट बाजूला ठेवून ढकल! गाडी पोटाने नाही ढकलत!"

"पोट बाजूला ठेवून ढकल म्हणतो. गाडी पोटाने नाही ढकलत."

गाडी आणखी पळायला लागली. ताईच्या रुमालाची टोकं फडफडली. इतक्या वर्षांत निरोप पोचवण्यात एवढा आनंद असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. ते कोरे करकरीत निरोप ती एकामागून एक मागे फेकत गेली, आणि दोघं तिला नवे पुरवत गेले. दादाचा गुडघा निघाला, धाकट्याची उरलेल्या भागांची बरणी निघाली, पाटीवरची छत्री निघाली. पाटी निघाली तसा धाकटा ढकलता ढकलता गप्प झाला. गाडी मंदावली.

"ताई," तो म्हणाला. "त्याला विचार. त्या दिवशी, चुकलं माझं, असं तो म्हणाला होता का नव्हता? या प्रश्नाला त्याने मघाशी बगल दिली."

ताईचे हात चाकावर घट्ट झाले. आता खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तिलाच ठाऊक होतं. त्या एका खोट्यावर धाकट्याने सामान सोडलं होतं, त्याच्या बायकोने या घरात दिवस काढले होते, ही गाडी या अंगणात आली होती. तिने तोंड उघडलं.

"विचारते," एवढंच ती म्हणू शकली. "दादा, तो विचारतो, म्हणाला होतास का?"

मागे नुसता धापा टाकण्याचा आवाज. चाकं फिरत होती. कुणाचा तरी बूट घासत होता.

"सांग त्याला," दादा म्हणाला. "म्हणालो होतो."

ताईच्या नजरेसमोरचा रस्ता चष्म्यातच भिजला. तिच्या कुठल्याही निरोपाइतकं हे धडधडीत खोटं होतं, आणि ते तिने न रचता जन्माला आलं होतं. तिने त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही.

"म्हणालो होतो, म्हणतो," ती म्हणाली.

धाकट्याने ढकलणं थांबवलं. मग म्हणाला, "त्याला सांग, खोटारडा आहेस."

"खोटारडा आहेस म्हणतो."

"कळलं म्हणावं," दादा म्हणाला. "आणि नकाशा दे म्हणावं तो. दुसरं कापतो."

गाडी पुन्हा चालायला लागली. घर दिसू लागलं. फाटकात मोठ्या वहिनी आणि धाकटी उभ्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या अंतरावर, आणि दोघींच्याही चेहऱ्यावर ताईला सांगायचं काहीतरी होतं.

"ताई, वळव!" मागून दोघं एकदम ओरडले. "फाटक आलं! वळव!"

ताईने चाक सरळ धरलं. फाटक आलं, तसं मागे गेलं.

"टाकीच्या चौकापर्यंत," ती म्हणाली, "आणि परत. ढकला."